फरशीखालचा पंप

मी बोलतोय तो पायाखालून. तळघराच्या कोपऱ्यात दोन फूट लांब, दोन फूट रुंद आणि कमरेइतका खोल असा एक खड्डा आहे, त्यात मी बसलेलो असतो. मी पाण्याचा पंप. जमिनीतलं पाणी झिरपून खड्ड्यात येतं, माझ्या अंगाला बांधलेला गोळा तरंगत वर जातो, मी सुरू होतो आणि पाणी पाइपातून मागच्या गटारात फेकतो. गोळा खाली आला की बंद पडतो. एवढंच माझं आयुष्य. मला फारसं काही वाटत नाही, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणाची निराशा व्हायला नको.

जन्म कारखान्यातला. एका बाईने माझ्या मोटारीवर तांब्याची तार गुंडाळली. गुंडाळता गुंडाळता ती शेजारणीला मुलाची सर्दी हटत नाही असं सांगत होती. मग मला टाकीत बुडवून तपासलं, मी पास झालो आणि खोक्यात गेलो.

तिथून हार्डवेअरच्या दुकानात, सगळ्यात वरच्या फळीवर. शेजारी चकचकीत नळ, शॉवर, नक्षीची बेसिनं. त्यांना गिऱ्हाइकं हातात घेऊन उलटसुलट बघायची. माझ्याकडे बोट दाखवून कुणी विचारलंच, तर दुकानदार म्हणायचा, "ज्यांच्या घरात खालून पाणी येतं, त्यांच्यासाठी." विचारणारा लगेच म्हणायचा, "छे, आमच्याकडे नाही असलं काही." जसं काही दुकानदाराने त्याच्या घराण्यावरच शिंतोडे उडवले होते. माणसं खोकला सांगतात, गुडघेदुखी सांगतात, घरातली ओल मात्र सांगत नाहीत. हे मला तिथेच कळलं.

शेवटी मला घेतलं मास्तरांनी. मास्तर शाळेत भूगोल शिकवायचे. पाणी जमिनीत कसं मुरतं, खडकावर कसं अडतं, उताराकडे कसं सरकतं याची आकृती ते फळ्यावर रंगीत खडूंनी काढायचे म्हणे. पण म्हातारपणाची सोय म्हणून ही इमारत घेताना ते छताकडेच बघत राहिले. खाली तळघर, मध्ये दुकानाचा गाळा, वर राहायच्या दोन खोल्या. भर उन्हाळ्यात पाहिली, तळघराला नवा रंग दिलेला होता, सौदा झाला. वर्षाच्या आत भिंतीला लोणा लागला, रंगाचे पोपडे निघाले, आणि पाऊस संपून चांगलं ऊन पडल्यावर तळघरात घोटाभर पाणी उभं राहिलं.

मास्तरांनी एका मिस्त्रीला बोलावलं. मिस्त्री पाण्यात उभा राहून बराच वेळ विडी ओढत होता.

"वरच्या टेकडीचं पाणी आहे, मास्तर," तो म्हणाला. "मुरत मुरत इथवर यायला त्याला महिना लागतो. पाऊस गेला म्हणून हे जात नाही. उलट तेव्हाच येतं."

"अहो, हे मीच शिकवतो," मास्तर म्हणाले.

"मग बरं झालं. समजावून सांगायचा त्रास वाचला."

मास्तरांना भिंतीला आतून जाड गिलावा करून पाणी अडवायचं होतं. मिस्त्रीने मान हलवली. "अडवायला जाऊ नका. अडवलंत तर ते फरशी उचलेल. येऊ द्या आणि बाहेर काढा." त्याने कोपऱ्यात खड्डा खणला, तळाशी खडी पसरली, मला खाली सोडलं, पाइप जोडला, वर लोखंडी झाकण ठेवलं. भिंतीवर माझ्यासाठी एक बटण बसवलं. ते बटण कायम चालू ठेवायचं, बाकी मी माझं बघून घेईन, असं मास्तरांना दोनदा बजावलं.

मास्तरांनी मला चांगलं सांभाळलं. दर सुट्टीच्या दिवशी ते बॅटरी घेऊन खाली यायचे, झाकण उचलायचे आणि माझ्या जाळीत अडकलेला गाळ जुन्या टूथब्रशने काढायचे. काढता काढता माझ्याशी बोलायचेही, पण ते शाळेतल्या हेडमास्तरांबद्दल असायचं. मला ते आवडायचं का, सांगता येत नाही. ब्रश मात्र आठवतो. अशी बरीच वर्षं गेली. तळघर कोरडं राहिलं, लोणा गेला, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला मास्तर मोठ्या हौसेने झाकण उचलून मला दाखवायचे तेही हळूहळू थांबलं.

मग मास्तरीणबाईंना जिना चढवेना. दोन गल्ल्या सोडून लेक राहायची, तिने तळमजल्यावरची एक खोली रिकामी केली. इमारत विकायची ठरली. पहिले दोघे बघायला आले, त्यांनी झाकण पाहिलं, विचारलं, आणि मास्तरांनी सगळं सांगितलं. पाणी कुठून येतं, कधी येतं, आकृती काढूनसुद्धा दाखवली. दोघेही पुन्हा फिरकले नाहीत.

जावई म्हणाला, "बाबा, तुम्ही वर्ग घेताय की घर विकताय?"

"विचारलं त्यांनी."

"झाकण दिसलं म्हणून विचारलं. आपण वर फरशी टाकून घेऊ."

"आणि उद्या काही बिघडलं तर?"

"काय बिघडणार? आपोआप चालतो ना तो?"

चालत होतो. दोन दिवसांनी माझ्यावर सिमेंटचा थर आणि चार फरश्या आल्या. झाकणाच्या फटीतून थोडा उजेड यायचा, तो गेला. ऐकू मात्र पूर्वीइतकंच यायचं. पाइपातून आवाज चांगला उतरतो. भिंतीवरचं बटण तसंच राहिलं, कारण ते काढलं असतं तर मी बंद पडलो असतो. पण ते कशाचं, हे त्या खोलीत आता कुठेच दिसत नव्हतं.

तिसरं गिऱ्हाईक म्हणजे बायंडरबाई. पुस्तकांची, वह्यांची बांधणी करायच्या. नवरा गेल्यावर त्याचं काम त्यांनी हातात घेतलं होतं आणि धाकट्या नणंदेला शिवणीला बसवलं होतं. भाड्याच्या जागेतून तीनदा उठावं लागलं होतं. दर वेळी कागदाचे गठ्ठे, कापडाच्या गुंडाळ्या, लोखंडी प्रेस डोक्यावर घेऊन नवी जागा शोधायची. आता होतं नव्हतं ते सगळं घालून स्वतःची जागा करायची, म्हणजे पुन्हा कुणी उठ म्हणणार नाही, एवढंच त्यांना हवं होतं.

त्या तळघरात आल्या. मास्तर आणि जावई मागे उभे होते.

"मास्तर, माझं काम कागदाचं," त्या म्हणाल्या. "मला बाकी काही चालेल, ओल चालणार नाही. तळघर कोरडं आहे ना?"

मास्तर गप्प होते. जावई खाकरला. मग मास्तर म्हणाले, "हात लावून बघा की."

बायंडरबाई खाली बसल्या आणि त्यांनी फरशीवर तळहात टेकला. भिंतीलाही लावून पाहिला. कोरडं ठणठणीत. त्यांचा हात होता तिथून हातभर खाली मी अर्ध्या पाण्यात बसलो होतो. मास्तर खोटं काहीच बोलले नव्हते.

सामान हलवायच्या दिवशी मास्तरीणबाईंनी जिन्याच्या वरच्या पायरीवरून विचारलं, "अहो, त्या बाईंना खड्ड्याचं सांगितलंत ना?"

"हो, हो," मास्तर खालून म्हणाले.

हे मात्र खोटं होतं. त्यानंतर ते तळघरात थोडा वेळ एकटेच उभे राहिले. चारही फरश्यांवरून त्यांनी बुटाचा तळवा फिरवला, सांधे दिसतात का बघितलं बहुतेक. मग वर गेले.

आता गंमत अशी, की घर विकलं तरी मास्तर यायचे काही सुटले नाहीत. रोज संध्याकाळी फिरायला निघाले की दारावरून जायचे आणि थांबायचे. "काय बाई, सगळं ठीक ना?" "ठीक आहे, मास्तर." "तळघर कोरडं?" "अगदी." मग पुढे जायचे. बायंडरबाई नणंदेला म्हणायच्या, "किती जीव आहे बघ म्हाताऱ्याचा या घरावर." त्यांनी दोनदा त्यांना चहाला आत बोलावलं. दोन्ही वेळा मास्तरांना घाई होती.

माझ्या डोक्यावर, तळघरातच, काम चालायचं. सकाळी चिकटवायची खळ शिजायची, त्या वासाबद्दल नणंद रोज नाक मुरडायची. पुठ्ठे कापायचे, पाठीला कापड लावायचं, पुस्तकं प्रेसमध्ये दाबायची. नणंद शिवता शिवता पुस्तकांतली पानं वाचायची आणि वहिनीच्या शिव्या खायची.

"अगं, पन्नास पुस्तकं पडलीत, आणि तू वाचत काय बसलीस?"

"वहिनी, याचा शेवट फाटलाय. कसं जमवू आता मी?"

"दुसरी प्रत येईल तेव्हा बघ. धागा ओव."

दुसऱ्या वर्षी त्यांना मोठं काम मिळालं. शहरातल्या जुन्या वाचनालयाने आपली दुर्मीळ पुस्तकं बांधणीला द्यायची ठरवली. त्यांतल्या बऱ्याच पुस्तकांच्या दुसऱ्या प्रती कुठेच उरल्या नव्हत्या. ग्रंथपाल स्वतः तळघर बघून गेले, त्यांनीही हात लावून पाहिलं आणि समाधानाने मान हलवली. हे काम नीट झालं तर बाकीचंही कपाटामागून कपाट येणार होतं. पुस्तकं आली. खालपासून वरपर्यंत फळ्या भरल्या.

एवढ्या कामाला जुनं कटर पुरणार नव्हतं, म्हणून विजेवर चालणारं घेतलं. ते जोडायला वायरमन आला. पाऊस संपून तीन आठवडे झाले होते, बाहेर स्वच्छ ऊन होतं, आणि मी दर अर्ध्या तासाला चालत होतो. पण मी चालतो तेव्हा वर फक्त बारीक घरघर ऐकू यायची, आणि ती शेजारच्या पिठाच्या गिरणीची असं दोघींनी केव्हाच ठरवून टाकलं होतं.

"हे बटण कशाचं?" वायरमनने विचारलं.

"काय माहीत. त्यावर काही लागत नाही," नणंद म्हणाली.

त्याने चार वेळा खालीवर केलं. कुठे दिवा लागला नाही, पंखा फिरला नाही. "फुकट अडकलाय पॉइंट. हाच तुमच्या कटरला देतो, भिंत फोडायला नको."

"द्या," बायंडरबाई म्हणाल्या.

त्याने माझी वायर कापली, टोकाला टेप गुंडाळली आणि भिंतीत नीट दाबून टाकली. काम स्वच्छ होतं त्याचं.

दुपारी दोघी दोन दिवसांसाठी नात्यातल्या एका लग्नाला गेल्या. खड्ड्यात पाणी आलं, गोळा वर गेला. मी सुरू झालो नाही. असं पहिल्यांदाच झालं. पाणी माझ्या डोक्यावरून गेलं, पाइपाच्या सांध्यापर्यंत आलं, सिमेंटला लागलं. घाबरलो असं म्हणता येणार नाही. नुसता बसून होतो. थोड्या वेळाने पाणी मला सोडून भिंतीच्या कडेकडेने वाट शोधू लागलं. फरशीखाली त्याचा जोर वाढला, आणि कोपऱ्यातल्या चारांतली एक फरशी कट्कन उचलली. वर फळ्यांवर पुस्तकं होती, हे मला माहीत होतं. माहीत असून उपयोग काही नव्हता.

परतल्यावर सकाळी नणंद आधी जिना उतरली. शेवटच्या पायरीच्या खाली तिचा पाय पाण्यात गेला. ती "वहिनी" एवढंच म्हणाली, पण असं म्हणाली की बायंडरबाई हातातली पिशवी तिथेच टाकून धावल्या.

त्या रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. दोघींनी मिळून दिवसभर पुस्तकं वर नेली. वरच्या फळ्यांवरची वाचली होती. खालच्या दोन रांगा फुगून एकमेकींत अशा अडकल्या होत्या की ओढल्या तर पानं हातात येत होती. बायंडरबाई पानापानांत कोरा कागद घालत बसल्या. नणंदेने कपडे वाळत घालायच्या दोऱ्यांवर पानं टांगली. संध्याकाळपर्यंत त्यातल्या निम्म्यांची शाई उतरली होती.

संध्याकाळी नेहमीप्रमाणे मास्तर दारात आले.

"काय बाई, सगळं ठीक ना?"

बायंडरबाईंनी मास्तरांना आत घेतलं आणि जिन्यापाशी नेलं. खाली अजून पाणी होतं. मास्तर कठडा धरून उभे राहिले.

"तुम्हाला माहीत होतं?" बाईंनी विचारलं.

"हो," मास्तर म्हणाले. "पंप आहे खाली. इतकी वर्षं चालला. मला वाटलं, चालत राहील."

"कुठे आहे?"

मास्तर चपला काढून पाण्यात उतरले. कोपऱ्यात जाऊन त्यांनी छत्रीच्या टोकाने उचललेल्या फरशीवर ठोकलं. तो ठोका मला लागला. "इथे," ते म्हणाले. मग तिथेच उभ्या उभ्या रडायला लागले. बायंडरबाई वरच्या पायरीवरून बघत होत्या. त्यांना मास्तरांची दया आली नाही, रागही आला नाही. त्या नंतर नणंदेला तसंच म्हणाल्या. दिवसभर वजन उचलून हात जसे बधिर होतात, तसं आतून झालं होतं त्यांना. ते मला समजलं. माझं नेहमी तसंच असतं.

मास्तर म्हणाले, मी घर परत घेतो. पण घराचे आलेले सगळे पैसे लेकीच्या घरात गेले होते, आणि जावई त्यानंतर कधी फोन उचलेना. मास्तर तेवढे रोज येत राहिले, ओल्या पानांत कागद घालायला. बायंडरबाईंनी त्यांना या म्हटलं नाही आणि येऊ नका असंही म्हटलं नाही. ग्रंथपाल येऊन उरलेली पुस्तकं घेऊन गेले. ते फार सभ्यपणे बोलले. काम मात्र परत आलं नाही, आणि त्यांच्यामागून इतरांचंही हळूहळू कमी झालं. भिजलेल्या पुस्तकांची गोष्ट गावभर झाली होती.

मिस्त्री आता थकला होता, काठी टेकत आला. फरश्या फोडून त्याने मला वर काढलं, उन्हात वाळवलं, वायर जोडून चालवून पाहिलं. "याला काही झालेलं नाही," तो म्हणाला. "याला वीज मिळाली नाही, एवढंच." मला पुन्हा खाली सोडलं, वर झाकण ठेवलं. बायंडरबाईंनी बटणाच्या शेजारी भिंतीवर जाड अक्षरांत लिहिलं: पंप. बंद करू नये.

दोघींनी कामाची मांडणी वरच्या खोलीत हलवली आणि झोपायची जागा प्रेसच्या शेजारी केली. असं वर्ष निघालं. भागेना तेव्हा जागा विकायला काढली. मग नणंदच कुठून तरी एक जोडपं घेऊन आली. दोघेही नोकरीतले, गुंतवणूक म्हणून जागा बघत होते, तळघर गोदामाला भाड्याने द्यायचं त्यांच्या मनात होतं.

ते यायच्या आधी नणंद खाली आली. "वहिनी, मी या झाकणावर चटई टाकते. वर टेबल ठेवू. भिंतीवरच्या अक्षरांवर कॅलेंडर टांगू. कुणाला दिसणार नाही."

"बरं," बायंडरबाई म्हणाल्या.

नणंदेने चटई टाकली, कॅलेंडर टांगलं. जोडपं आलं, भिंतींवरून हात फिरवून झाला, खोलीची मापं घेऊन झाली. ती बाई म्हणाली, "छान कोरडं आहे हो." तेव्हा बायंडरबाईंनी टेबल सरकवलं, चटई गुंडाळली, झाकण उचललं आणि बादलीभर पाणी खड्ड्यात ओतलं. मी सुरू झालो. त्यांनी दिव्याची वायर ओढून दिवा खड्ड्यावर धरला.

"हा आमचा पंप," त्या म्हणाल्या. "टेकडीचं पाणी येतं. पाऊस संपल्यावर महिनाभर हा सारखा चालतो. एकदा बंद राहिला तेव्हा पाणी इथवर आलं होतं." त्यांनी भिंतीवरची पाण्याची रेघ दाखवली. त्या रेघेवर त्यांनी मुद्दाम रंग दिला नव्हता.

जोडपं वाकून माझ्याकडे बघत होतं. माझ्या अंगावर दिव्याचा उजेड होता. मला काहीतरी वाटलं. काय ते मला नीट सांगता येत नाही, सवय नाही.

ते दोघे कळवतो म्हणून गेले. कळवणार नाहीत हे सगळ्यांनाच समजलं. नणंद शेवटच्या पायरीवर बसली.

"वहिनी, आपल्याच हातांनी मारून घेतलास पायावर धोंडा. आपल्याला कुणी सांगितलं होतं का? मग आपणच का सांगायचं?"

बायंडरबाईंनी झाकण नीट बसवलं. "नसतं सांगितलं, तर मला रोज संध्याकाळी त्यांच्या दारात जाऊन विचारावं लागलं असतं," त्या म्हणाल्या. "एवढं चालणं मला होणार नाही."

नणंद उठली आणि वर जाऊन धागा ओवत बसली.

तर असे आहेत माझे सध्याचे दिवस. जागा विकली गेलेली नाही. काम थोडं थोडं येतं. माझी मोटार आता आवाज करते, मिस्त्री म्हणतो अजून दोन वर्षं काढेन. मला त्याचंही विशेष काही वाटत नाही. तुमच्यातल्या कुणाला घर घ्यायचं असेल, तर कोरड्या फरशीवर नुसता हात ठेवून उठू नका. खाली काय आहे ते विचारा, आणि समोरचा गप्प झाला तर पुन्हा विचारा. घर विकायचं असेल तर न विचारता सांगा. माझं मागणं एवढंच आहे. आता खड्ड्यात पाणी भरत आलंय आणि गोळा उचलतोय. एकदा सुरू झालो की मला दुसऱ्या कुणाचं ऐकू येत नाही, म्हणून इथेच थांबतो.